निवृत्तीनंतर सरकारी आरोग्यविमा कोणाला, किती आणि कसा? ज्येष्ठांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या वाचनालयात दर मंगळवारी संध्याकाळी आम्ही तिघं जण मदतीचं टेबल मांडून बसतो. प्लास्टिकच्या पिशवीतून आधार कार्ड निघतं, घड्यांवर फाटलेलं रेशनकार्ड निघतं, पेन्शनचे कागद निघतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, पण वेळ निघून गेलेली असते. डॉक्टरांनी उद्या ॲडमिट व्हायला सांगितलेलं असतं आणि कार्डाची चौकशी आज सुरू होते. कोणी धडधाकट असताना सहज चौकशीला आलं तर आम्हाला फार बरं वाटतं, पण असे लोक कमी. ही उत्तरं खास त्यांच्यासाठी, म्हणजे अजून आजारी न पडलेल्यांसाठी लिहिली आहेत. माहिती मुख्यतः महाराष्ट्रात राहणाऱ्यांच्या उपयोगाची आहे.

मला नेमकी कोणती योजना लागू होते, हे कसं ओळखायचं?

आम्ही टेबलावर तीनच गोष्टी विचारतो. तुम्ही कुठून निवृत्त झालात? आधार कार्डावर तुमचं वय ७० पूर्ण आहे का? आणि तुमचं नाव कोणत्या रेशनकार्डावर आहे?

केंद्र सरकारी नोकरी असेल तर सीजीएचएस (केंद्र सरकारी आरोग्य योजना), रेल्वे असेल तर रेल्वेची स्वतःची योजना, सैन्यदल असेल तर ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना), आणि पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असे अशी कारखान्याची किंवा दुकानाची नोकरी असेल तर ईएसआयसी, म्हणजे तो विमा चालवणारं महामंडळ. यातलं काहीच नसेल, म्हणजे शेती, छोटा धंदा, साखर कारखाना, एसटी, खासगी नोकरी, तरी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहेच. वय ७० झालं की त्यात आयुष्मान वय वंदना कार्डाची भर पडते. एकाच माणसाला दोन योजना लागू होतात, असंही पुष्कळदा होतं.

माझं वय ७२ आहे. पेन्शन चांगली आहे, स्वतःचा फ्लॅट आहे. मला आयुष्मान कार्ड मिळेल का?

मिळेल. हा गैरसमज इतका पक्का बसलाय की अर्धे लोक विचारायलाच येत नाहीत. आयुष्मान भारत योजना २०१८ मध्ये गरीब कुटुंबांसाठी सुरू झाली, त्यामुळे ‘ते आपलं नव्हे’ असं मध्यमवर्गीयांच्या मनात राहिलं. पण २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकासाठी वय वंदना कार्ड सुरू झालं. त्याला उत्पन्नाची अट नाही, रेशनकार्डाच्या रंगाची अट नाही, घर-गाडी कोणी विचारत नाही. आधारवर वय ७० किंवा जास्त असलं की पुरे.

आम्ही दोघंही सत्तरीपुढचे आहोत. प्रत्येकाला पाच-पाच लाख मिळतात का?

नाही. कार्ड दोघांचं वेगवेगळं निघतं, पण वर्षाला ५ लाख रुपयांची मर्यादा त्या कुटुंबातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळून असते. आजोबांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेला दोन लाख गेले, तर त्या वर्षी आजींसाठी तीन उरले.

तुमचं कुटुंब आधीपासून आयुष्मानच्या यादीत असेल, तर ज्येष्ठांसाठीचे हे ५ लाख वेगळे आणि जादा असतात. घरातल्या सत्तरीच्या आतल्या कोणालाही त्यातून खर्च करता येत नाही. सूनबाईंच्या बाळंतपणात आजींची मर्यादा संपली, असं होत नाही.

मी ७४ वर्षांची आहे, पण आधारवर ६७ दिसतात. काय करू?

या प्रश्नावर आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो. आपल्याकडे एका पिढीची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहिली आणि तीच जन्मभर चिकटली. शाळेत न गेलेल्या बायकांचं तर आधार काढताना केंद्रावरच्या मुलाने चेहरा बघून वय टाकलेलं असतं. मागे एक आजी आल्या होत्या. आधारप्रमाणे त्यांच्यात आणि त्यांच्या थोरल्या मुलात अकरा वर्षांचं अंतर होतं. त्यांनाही ते त्या दिवशीच कळलं.

वय वंदना कार्डासाठी आधारवरचंच वय धरतात. दुसरा कोणताही कागद दाखवून भागत नाही. म्हणून आधी आधार दुरुस्त करावं लागतं. पासपोर्ट किंवा दहावीचं प्रमाणपत्र असेल तर आधार सेवा केंद्रात काम होतं. मात्र जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, तेव्हा घाईत चुकीचा कागद देऊन ती संधी घालवू नका. फॉर्मवर लिहिलेली तारीख दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या.

ज्यांच्याकडे कसलाच पुरावा नाही, त्यांनी दुरुस्ती होईपर्यंत हात बांधून बसू नये. फुले योजनेला वयाची अटच नाही. रेशनकार्डावर उपचार होतात.

कार्ड काढायचं कुठे? बोटांचे ठसे उमटत नाहीत.

मोबाइलवर आयुष्मान ॲप आहे, त्यातून घरबसल्या निघतं. नाहीतर योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राकडे (योजनेच्या कामात रुग्णांना मदत करायला तिथे बसणारा माणूस) किंवा आपले सरकार केंद्रात जा. चौकशीसाठी १४५५५ हा टोल फ्री क्रमांक आहे.

आयुष्यभर धुणी-भांडी, शेती, हातमाग केलेल्या बोटांचे ठसे मशीनला सापडत नाहीत. चार-चारदा बोट पुसून ठेवायला लावतात आणि माणूस ओशाळून जातो. त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. ओळख पटवायला मोबाइलवर येणारा ओटीपी चालतो, चेहऱ्यावरूनही पटवता येते. ओटीपीसाठी मात्र आधारला जोडलेला नंबर चालू हवा. पुष्कळांच्या आधारला मुलाचा जुना नंबर असतो, आणि तो मुलगा आता पुण्यात नाहीतर दुबईत नवा नंबर वापरत असतो. नंबर बदलून घेण्याचं काम आजच करून टाका. परदेशातल्या मुलांनी फोनवरून आई-वडिलांचं हे एक काम करून दिलं, तरी मोठी मदत होईल.

माझं वय ६३. वय वंदना अजून सात वर्षं लांब आहे. तोवर काय?

तोवर फुले योजना. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून ती सुरू झाली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचं नाव मिळालं. पूर्वी मुख्यतः पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डांसाठी होती आणि मर्यादा दीड लाखाची होती. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती सगळ्यांसाठी खुली केली आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख केली. १ जुलै २०२४ पासून तसा अंमल सुरू झाला. म्हणजे पांढरं रेशनकार्ड असलेला निवृत्त प्राध्यापकही यात बसतो. रेशनकार्डच नसेल तर अधिवासाचा दाखला लागतो.

घोळ होतो तो रेशनकार्डावरच्या नावांचा. थोरल्याकडे राहता म्हणून नाव त्याच्या कार्डावर, धाकट्याने वेगळं कार्ड काढताना तुमचं नाव तिथेही घातलेलं, आणि गावाकडचं जुनं कार्ड अजून तुमच्याच नावावर. ऑनलाइन नोंद एकाच ठिकाणी असते, आणि ती नेमकी कुठे आहे हे रुग्णालयात कळतं. बायकांच्या बाबतीत आधारवर माहेरचं नाव आणि रेशनकार्डावर सासरचं, ही नेहमीची अडचण. तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत एकदा जाऊन बारा अंकी ऑनलाइन नंबर आणि त्याखालची नावं तपासून या. बारा अंकी नंबर रेशनकार्डाच्या मागे पेनाने लिहून ठेवा.

या योजनांत काय भागतं आणि काय भागत नाही?

रुग्णालयात भरती होऊन घ्यायचे ठरावीक उपचार आणि शस्त्रक्रिया भागतात. हृदय, मूत्रपिंड, कर्करोग, मेंदूच्या शस्त्रक्रिया, अपघात, हाडांची मोडतोड हे त्यात येतं. डायलिसिस आणि केमोथेरपीही येतात. खाट, औषधं, तपासण्या, डॉक्टरांची फी, जेवण हे सगळं त्या पॅकेजमध्ये धरलेलं असतं. आयुष्मानमध्ये भरतीआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांचा संबंधित खर्चही येतो.

ओपीडी भागत नाही. रोजच्या बीपीच्या गोळ्या, साखरेच्या तपासण्या, चष्मा, कानाचं यंत्र, ‘एकदा फुल बॉडी चेकअप करून टाकू’, हे काहीच नाही. खरं सांगायचं तर ज्येष्ठांचा महिन्याचा खिसा रिकामा होतो तो याच खर्चाने. त्यासाठी दुसरी वाट आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. गोळ्या बाहेरून घ्यायच्या तर जनऔषधी केंद्रातून घ्या. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घेतलं की तिथे शोधायला सोपं जातं.

आणखी एक. काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेल्या आहेत. खासगी रुग्णालय यादीत असलं तरी त्या तिथे योजनेतून होत नाहीत. गुडघ्याची किंवा दुसरी कोणतीही ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल, तर तारीख घेण्याआधी हे विचारा.

मला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे, बायपासही झालीय. मग कार्डाचा काय उपयोग?

पुरेपूर उपयोग आहे. खासगी विमा आणि सरकारी योजना यांतला सगळ्यात मोठा फरक हाच. इथे जुना आजार म्हणून कोणी नाकारत नाही आणि थांबण्याचा काळही नाही. कार्ड निघालं त्या दिवसापासून लागू. वैद्यकीय तपासणी नाही, हप्ता नाही.

माझ्याकडे सीजीएचएस कार्ड आहे. ते सोडून वय वंदना घ्यावं का?

केंद्राच्या निवृत्तांना हा पर्याय दिलेला आहे, पण दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. ईसीएचएसवाल्यांनाही हाच नियम. माझं मत विचाराल तर सोडू नका. सीजीएचएसमध्ये दवाखान्यातून महिन्याची औषधं मिळतात, ओपीडी आहे, आणि ५ लाखांसारखी वार्षिक मर्यादा नाही. २०२४ पासून ७० वर्षांवरच्यांना यादीतल्या रुग्णालयात तज्ज्ञ डॉक्टरांकडे रेफरलशिवायही जाता येतं. शेजाऱ्याने नवं कार्ड काढलं म्हणून एका गृहस्थांनी आमच्याकडेही तसाच हट्ट धरला होता. त्यांच्या दर महिन्याच्या औषधांची यादी आम्ही कागदावर मांडली, बाजारभाव लिहिले, आणि बेरीज बघून ते स्वतःच उठले.

केंद्र सरकारातून निवृत्त होतोय, पण गावी स्थायिक होणार. तिथे सीजीएचएसचा दवाखाना नाही.

मुंबई, पुणे, नागपूर यांच्या आसपास असाल तर सोयीचं आहे. लांबच्या तालुक्यात राहणाऱ्याला ओपीडीऐवजी महिना १,००० रुपये निश्चित वैद्यकीय भत्ता घेता येतो आणि भरतीच्या उपचारांसाठी सीजीएचएस कार्डही ठेवता येतं. हा मधला मार्ग पुष्कळांना माहीत नसतो. भत्ता सुरू झाला की कार्ड मिळणारच नाही, असं समजून ते गप्प बसतात.

वर्गणी सातव्या वेतन आयोगाच्या स्तराप्रमाणे महिना २५० ते १,००० रुपये आहे. दहा वर्षांची रक्कम, म्हणजे ३०,००० ते १,२०,००० रुपये, एकरकमी भरली की कार्ड आजीवन होतं. ग्रॅच्युइटी हातात आलेली असते तेव्हाच हे उरकून टाकावं. घराच्या रंगाला आणि लग्नाला पैसे गेले की हे मागे पडतं, असा आमचा अनुभव आहे.

मी कारखान्यात होतो, पगारातून ईएसआय कापत. निवृत्तीनंतर ते संपलं ना?

संपलं नाही, आणि हे आम्हाला ओरडून सांगावंसं वाटतं. किमान पाच वर्षं ईएसआयचे विमेदार असाल आणि वयोमानाने किंवा स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडला असाल, तर वर्षाला १२० रुपये भरून तुम्हाला आणि पती किंवा पत्नीला ईएसआयची वैद्यकीय सेवा मिळते. महिन्याला दहा रुपये. त्यात ओपीडी आणि औषधंही आली, जी आयुष्मानमध्ये नाहीत. ईपीएस-९५ ची (खासगी नोकरीतल्या प्रॉव्हिडंट फंडाबरोबरची) हजार-दीड हजार पेन्शन घेणाऱ्याला याहून मोठा आधार दुसरा नाही.

पिंपरी-चिंचवडला, ठाण्याला, नाशिकच्या अंबड-सातपूरला उभं आयुष्य मशीनवर काढलेली माणसं हे ऐकून दोनदा विचारतात, ‘एकशेवीस महिन्याला का वर्षाला?’ वर्षाला.

त्यासाठी आपला विमा क्रमांक आणि निवृत्तीचा दाखला घेऊन ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात जायचं. कंपनी बंद पडली असेल तर जुनी पगारपत्रकं, ईएसआयचं जुनं कार्ड, जे असेल ते न्या. विमा क्रमांक सापडला की पुढचा माग काढता येतो.

पगार वाढल्यामुळे निवृत्तीआधी ईएसआयच्या बाहेर गेलेल्यांना पूर्वी हे मिळत नसे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ईएसआय महामंडळाने त्यांच्यासाठीही दार उघडायचं ठरवलं. १ एप्रिल २०१२ नंतर किमान पाच वर्षं विमेदार असलेले आणि १ एप्रिल २०१७ नंतर ३०,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर निवृत्त झालेले लोक यात धरले आहेत. तुम्हाला आधी ‘नाही’ सांगितलं असेल तर पुन्हा जाऊन विचारा. आणि हो, ईएसआय असताना वय वंदना कार्डही काढता येतं.

रेल्वे आणि सैन्यातले?

रेल्वेवाल्यांनी निवृत्तीच्या वेळीच वर्गणी भरून रेल्वेच्या निवृत्त कर्मचारी आरोग्य योजनेत नाव घातलं आहे ना आणि उमीद कार्ड (रेल्वेचं वैद्यकीय ओळखपत्र) निघालं आहे ना, एवढं पाहावं. मुंबईत भायखळ्याचं आणि मुंबई सेंट्रलचं रेल्वे रुग्णालय त्यांच्यासाठी आहे. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस आहे. वर्गणी हुद्द्याप्रमाणे एकदाच भरायची, आणि पहिल्यांदा आपल्या पॉलिक्लिनिकमध्ये, म्हणजे ईसीएचएसच्या दवाखान्यात, जायचं. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना ती वर्गणी माफ आहे.

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक होतो. राज्य सरकार आमचं बिल देतं का?

नोकरीत असताना बिलांची प्रतिपूर्ती मिळे, ती निवृत्तीनंतर राहत नाही. म्हणून फुले योजना आणि सत्तरीनंतर वय वंदना, हेच तुमचे दोन खांब. पांढऱ्या रेशनकार्डामुळे संकोच करू नका.

खासगी मेडिक्लेमचा हप्ता परवडत नाही. बंद करू का?

सरसकट हो म्हणणार नाही. तुमच्या गावापासून जवळ, तुम्हाला विश्वास वाटतो असं रुग्णालय सरकारी योजनेत आहे का, हे आधी बघा. नसेल तर पॉलिसी एकदम सोडू नका. विम्याची रक्कम कमी करून हप्ता उतरवता येतो. सोडलेली पॉलिसी सत्तरीनंतर पुन्हा घेताना जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला आहे, आणि ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाशी बोलावं लागतं. नूतनीकरणाची नोटीस आली की हे दोन आकडे तपासा. मेडिक्लेम असला तरी वय वंदना कार्ड काढता येतं, त्याला अडकाठी नाही.

रुग्णालयाने आधी डिपॉझिट भरायला सांगितलं. भरायचं का?

योजनेतल्या उपचाराला नाही. पण हे लिहिणं सोपं आणि काउंटरसमोर उभं राहणं अवघड, हे मला माहीत आहे. माझ्या मोठ्या बहिणीच्या वेळी एका रुग्णालयात काउंटरवरून सांगितलं, ‘कार्ड इथे चालत नाही, आधी पन्नास हजार भरा.’ भाचा एटीएमकडे निघाला होता. आरोग्यमित्राचं टेबल त्याच इमारतीत, जिन्याखाली होतं. तिथल्या मुलीने नाव बघितलं, ऑनलाइन मंजुरीसाठी कागद पाठवले, आणि संध्याकाळी शस्त्रक्रिया एक रुपया न भरता झाली.

म्हणून रुग्णालयात शिरल्यावर पहिला प्रश्न ‘आरोग्यमित्र कुठे बसतात?’ हाच विचारा. दुसरा प्रश्न, ‘या आजारासाठी तुम्ही योजनेत आहात का?’ रुग्णालय यादीत असतं, पण सगळ्या विभागांसाठी असतंच असं नाही. फुले योजनेची हेल्पलाइन १५५३८८ आहे. पैसे मागितले तर तिथूनच, त्याच वेळी फोन लावा. आधी पैसे भरून मागाहून बिल सादर करू, असं मनात धरू नका. या योजना कॅशलेस आहेत, नंतर परताव्याची सोय नाही. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू होतात आणि कागद मागून दिले तरी चालतात. रुग्णवाहिकेसाठी १०८.

मुलीकडे बंगळुरूला चार-चार महिने असतो. तिथे चालेल का?

वय वंदना कार्ड आयुष्मान योजनेत सामील असलेल्या राज्यांतल्या यादीतल्या रुग्णालयांत चालतं. जाण्याआधी मुलीच्या घराजवळचं रुग्णालय ॲपमध्ये शोधून ठेवा. फुले योजना मात्र महाराष्ट्राच्या रहिवाशांची. सीमाभागातल्या ८६५ मराठी भाषक गावांनाही ती लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला आहे, हे बेळगाव-निपाणीकडच्या नातेवाइकांना जरूर सांगा. गोव्यात स्थायिक असाल तर तिथली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना वेगळी आहे. तिला किमान पाच वर्षांचं वास्तव्य लागतं.

पेन्शन यांच्या नावावर होती. हे गेल्यानंतर माझं कार्ड बंद होतं का?

नाही. सीजीएचएस, ईसीएचएस, रेल्वे या तिन्हींत कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या पत्नीचा हक्क पुढे चालतो. फक्त कार्ड तिच्या नावावर करून घ्यावं लागतं. ईएसआयमध्येही वर्षाचे १२० रुपये भरून पत्नीला सेवा चालू ठेवता येते. वय वंदना तर मुळातच तिच्या स्वतःच्या नावाचं.

दिवसकार्यं झाल्यावर बँकेत पेन्शनचा अर्ज द्यायला जाल, तेव्हाच मृत्यूच्या दाखल्याच्या चार प्रती जास्त काढा आणि एक या कामासाठी बाजूला ठेवा. पुष्कळ घरांत सगळे कागद त्यांच्याच कपाटात, त्यांच्याच पद्धतीने लावलेले असतात आणि बाईंना काही माहीत नसतं. म्हणून टेबलावर येताना शक्यतो दोघं मिळून या. आधार, रेशनकार्ड, पेन्शनचा आदेश, ईएसआयचा क्रमांक असेल तर तो, आणि आधारला जोडलेला मोबाइल चार्ज करून आणा. कार्ड निघालं की त्याची एक प्रत आम्ही बाईंच्या पर्समध्ये त्यांच्याच हाताने ठेवायला लावतो.